लंडी बेटावर थंड पाण्यातलं डायव्हिंग: तयारी कुठल्या क्रमाने करायची

तारकर्ली, नेत्राणी, अंदमान नाहीतर मालदीवला स्कूबा शिकलेला माणूस नोकरी-शिक्षणासाठी इंग्लंडला येतो. पहिल्या उन्हाळ्यात लंडीची बोट बुक करतो आणि मग ड्रायसूट (पाणी आत येऊ न देणारा डायव्हिंगचा पोशाख) भाड्याने कुठे मिळेल याची शोधाशोध सुरू करतो. गोंधळ इथेच होतो, कारण बोट ही शेवटची पायरी आहे. आधी कागद आणि तब्येत, मग सूट, मग सराव, मग वजन, मग हवा, मग तिथी, आणि त्यानंतर बेट. हा क्रम चुकला की महागडा दिवस बोटीवर कुडकुडत नाहीतर पृष्ठभागावर गटांगळ्या खात जातो. वर येण्यावरचा ताबा सुटला तर जिवावरही बेततं.

लंडी हे डेव्हनच्या उत्तर किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटरवर, ब्रिस्टल चॅनल या आखाताच्या तोंडाशी असलेलं ग्रॅनाइटचं बेट आहे. लांबी पाच किलोमीटर, रुंदी जेमतेम एक. डायव्हिंगच्या बोटी इल्फ्राकूम आणि क्लोव्हेलीहून सुटतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी आठ-नऊ अंशांवर असतं, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सोळा-सतरापर्यंत चढतं. आपल्याकडच्या अठ्ठावीस अंशांची सवय असलेल्या शरीराला भर उन्हाळ्यातलं हे पाणीही थंडच लागतं.

## १. आधी कागद आणि तब्येत

फक्त ओपन वॉटर कार्ड (स्कूबाचं पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र) असेल तर तुमची मर्यादा १८ मीटर. लंडीच्या पूर्वेकडची नोल पिन्स (पाण्याखालचे खडकाचे सुळके) किंवा ‘रॉबर्ट’ या बुडालेल्या मालवाहू बोटीची जागा याहून खोल जाते. म्हणून पुढचा कोर्स आणि ड्रायसूटचं प्रशिक्षण बेटाआधी उरकायचं. प्रवास विम्यात स्कूबा आहे का आणि किती खोलीपर्यंत आहे, हे पॉलिसीच्या कागदावर स्वतः वाचा. एजंटच्या तोंडी हमीवर राहू नका.

रक्तदाब असेल, विशेषतः चाळिशी ओलांडली असेल, तर डायव्हिंग समजणाऱ्या डॉक्टरांना दाखवून घ्या. थंड पाण्यात हातापायांचं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावरचा भार वाढतो. काही जणांच्या फुफ्फुसात अशा वेळी पाणी झिरपतं. कष्ट न करता धाप लागणं, खोकला, तोंडात फेस ही त्याची लक्षणं. पाण्याखाली यातलं काहीही जाणवलं तर बडीला (डायव्हमधल्या जोडीदाराला) खूण करून डायव्ह तिथेच संपवायचा.

## २. सूट: भाड्याचा घ्या, पण बेटावर पहिल्यांदा घालू नका

ऑगस्टमध्ये सात मिलिमीटरच्या सेमीड्रायमध्ये (थोडंच पाणी आत येऊ देणाऱ्या जाड सूटमध्ये) एक डायव्ह निभावतो. पण लंडीच्या फेरीत सहसा दोन डायव्ह असतात, आणि मधला वेळ वाऱ्यावर, ओल्या अंगाने जातो. दुसऱ्या डायव्हपर्यंत बोटं बधिर झालेली असतात. माझं स्पष्ट मत आहे की उष्ण पाण्यातून आलेल्या माणसाने ड्रायसूटच घ्यावा.

ड्रायसूट स्वतः फार ऊब देत नाही, ऊब देतो आतला अंडरसूट. सुती टी-शर्ट आणि जीन्सवर ड्रायसूट चढवणारे लोक असतात. घाम सुतात मुरतो आणि वीस मिनिटांत पाठ गार पडते. अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक थर, त्यावर जाड अंडरसूट, पायात लोकरी मोजे असे थर घाला.

सूट घालून बघताना या गोष्टी पाहा:

- नेक सील, म्हणजे पाणी अडवणारी मानेभोवतीची पट्टी. घट्ट असेल तर मानेतल्या रक्तवाहिनीवर दाब येऊन भोवळ येते. सील नीट बसल्यावर मान वळवता आली पाहिजे आणि डोकं जड वाटता कामा नये. सैल असेल तर पाणी आत येईल.
- उकिडवं बसा, दोन्ही हात डोक्यावर न्या, मग हात मागे नेऊन सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतात का पाहा. पोचत नसतील तर सूट लहान आहे.
- बूट. पाऊल आत सरकत असेल तर पायाकडे हवा साठेल आणि फिन (पायात घालायचा पोहण्याचा पंख) निसटेल.
- झिप. तिची कड मेणाने सरकती ठेवा, ओढताना कधी जोर लावू नका. लॅटेक्सच्या सीलना बिनवासाची टाल्क लावा.

हूड पाच ते सात मिलिमीटरचा, हातमोजे पाच मिलिमीटरचे. मास्कची कड कातडीवर आणि हूडची किनार तिच्या बाहेर बसली पाहिजे. हूडची कड मास्कखाली अडकली की मास्क सतत गळतो. पुष्कळ लोक मास्कला दोष देऊन नवा विकत घेतात, गळती मात्र तशीच राहते.

तपासा: हातमोजे घालून बीसीडीचं (तरंगणं सांभाळणाऱ्या, हवा भरायच्या जाकिटाचं) प्रत्येक बकल, दोन्ही इन्फ्लेटर (हवा भरायची बटणं, एक जाकिटाचं, एक सूटचं), टॉर्चचं बटण आणि रीलचा (दोरीच्या फिरकीचा) क्लिप डोळे मिटून चालवता येतो का? घरी, खुर्चीत बसून करा. जे खुर्चीत जमत नाही ते वीस मीटरवर जमणार नाही.

## ३. सराव खाणीत

इंग्लंडमध्ये बंद पडलेल्या, पाण्याने भरलेल्या दगडाच्या खाणी डायव्हिंगसाठी खुल्या आहेत. लेस्टरशायरमधली स्टोनी कोव्ह, सॉमरसेटमधली व्हॉब्स्टर की, उत्तरेला केपर्नव्रे. तिथे भरती-ओहोटी नाही, लाट नाही, पार्किंगपासून पाणी जवळ.

लोक विसरतात ते असं की वसंतात ही खाण समुद्राहून गार असते. मार्च-एप्रिलमध्ये तळाशी पाच-सहा अंश मिळू शकतात. म्हणजे रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी देणारं यंत्र) गोठण्याचा धोका लंडीपेक्षा सरावात जास्त. रेग्युलेटर दहा अंशांखालच्या पाण्यासाठी प्रमाणित आहे का, ते विचारून घ्या. गार हवेत किनाऱ्यावर उभं राहून त्यातून श्वास घेत बसू नका. पाण्याखाली बीसीडीत लांबलचक हवा भरू नका, छोट्या-छोट्या दाबांत भरा, आणि त्याच क्षणी श्वासही ओढू नका. तरीही हवा धो-धो वाहू लागली तर बडीच्या पर्यायी रेग्युलेटरवर जाऊन वर या. हा प्रसंग प्रशिक्षकाबरोबर मुद्दाम घडवून सराव करा.

ड्रायसूटचे तीन सराव पक्के झाल्याशिवाय खाण सोडू नका.

पहिला, उतरताना हवा घालणं. खोली वाढली की सूट अंगाला चिमटे काढतो. चिमटा सुटेल एवढीच हवा घालायची. काही प्रशिक्षक पाण्याखालची सगळी बॉयन्सी (तरंगण्या-बुडण्याचा तोल) सूटनेच सांभाळायला शिकवतात, काही सूटमध्ये किमान हवा ठेवून बाकीचं काम बीसीडीला देतात. दोन्ही चालतं. तुम्ही जी शिकलात तीच पद्धत धरा, बोटीवर कुणी दुसरी सुचवली म्हणून त्या दिवशी बदलू नका.

दुसरा, वर येताना हवा सोडणं. डाव्या दंडावरचा डंप व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा आणि तो खांदा शरीरातला सर्वांत उंच बिंदू होईल असं वळा. पोटावर आडवं राहून वर येणाऱ्याची हवा पाठीवर अडकते आणि व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. व्हॉल्व्ह उघडा असूनही माणूस फुग्यासारखा का सुटतो, याचं बहुतेक वेळा हेच उत्तर असतं.

तिसरा, पाय वर गेले तर. हवा बुटांत शिरली की पाय आकाशाकडे आणि डोकं तळाकडे होतं. गुडघे छातीशी घ्या, कोलांटी घ्या, सरळ झालात की लगेच हवा सोडा. जितका उशीर तितकी हवा फुगणार. हे प्रशिक्षकाच्या हाताशी, सहा मीटरच्या आसपास, सहज जमेपर्यंत करा.

सावधान: सूटचा इन्फ्लेटर अडकून हवा सतत येत राहिली तर नळी झटक्यात काढता आली पाहिजे. हातमोज्यांनिशी सराव करा.

## ४. वजन: खाणीतला आकडा समुद्रात चालत नाही

सर्वांत जास्त लोक इथे चुकतात.

मालवणच्या पातळ सूटमध्ये तीन-चार किलो लागत असतील तर ड्रायसूटमध्ये दहा-बारा किलोही लागू शकतात. नेमका आकडा अंडरसूट, शरीरयष्टी आणि सिलिंडरवर ठरतो. इंग्लंडमध्ये बहुधा पोलादी सिलिंडर मिळतो. तो रिकामा झाला तरी बुडतो, आपल्याकडचा ॲल्युमिनियमचा रिकामा झाल्यावर तरंगायला लागतो. म्हणून जुना आकडा तसाच इथे आणता येत नाही.

वजनाची चाचणी भरल्या सिलिंडरवर करू नका. डायव्ह संपताना, ५० बार (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) उरलेले असताना, तीन-चार मीटरवर सूटमध्ये किमान हवा आणि बीसीडी रिकामी ठेवून थांबा. श्वास सामान्य ठेवून तिथेच टिकून राहता आलं तर वजन बरोबर.

आता समुद्राचा फरक. खाणीतलं पाणी गोडं, समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्क्यांनी जड. तुमचं आणि सगळ्या सामानाचं मिळून वजन १०० किलो असेल तर समुद्रात अडीच किलो जास्त लागतील. ११५ असेल तर जवळजवळ तीन. खाणीतला पट्टा तसाच बांधून लंडीला गेलेला माणूस पृष्ठभागावरच तरंगत राहतो. इतर जोड्या खाली जातात आणि बोटीचा कप्तान त्याच्यासाठी वेळ मोजत बसतो. मग कुणीतरी घाईत चार किलो जास्त देतं आणि पुढचा सगळा डायव्ह तळ घासत जातो.

जास्तीचं वजन ‘सुरक्षित बाजूला’ म्हणून घेऊ नका. प्रत्येक जादा किलोला सूटमध्ये एक लिटर जादा हवा भरावी लागते, आणि वर येताना फुगते ती हीच हवा.

तपासा: वहीत वजनाशेजारी चार गोष्टी लिहिल्या आहेत का? पाणी गोडं की खारं, अंडरसूट कुठला, सिलिंडर किती लिटरचा आणि कशाचा, शेवटी किती बार. या नोंदीशिवाय नुसता आकडा उपयोगाचा नाही.

## ५. हवेचा हिशेब

थंडीत आणि जड सामानात श्वास वाढतो. उष्ण पाण्यात मिनिटाला १५ लिटर वापरणारा सुरुवातीला इथे २० वापरेल असं धरा. २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे मिनिटाला ६० लिटर. १२ लिटरचा सिलिंडर २३२ बारला भरला तर २७८४ लिटर हवा. त्यातले ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव. उरलेली हवा ३६ मिनिटं पुरते, आणि वर येण्याचा वेळही त्यातूनच काढायचा.

आपल्याकडचा ११ लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर आणि १५ लिटरचा श्वास धरला तर जवळजवळ तेवढीच मिनिटं येतात. म्हणजे मोठा सिलिंडर मिळाला म्हणून वेळ वाढत नाही. तुमचा श्वास खाणीत मोजलेला असला पाहिजे. तो जास्त असेल तर १५ लिटरचा सिलिंडर मागा. रेग्युलेटर भारतातून आणलेला असेल तर त्याची जोडणी इथल्या व्हॉल्व्हला बसते का, तेही आधीच विचारा.

## ६. तारीख: भांग पकडा, उधाण टाळा

इथे कोकणातलं ज्ञान थेट कामी येतं. उधाण म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत मोठा असलेले दिवस, भांग म्हणजे तो सर्वांत लहान असलेले. मालवणला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत फरक जेमतेम दोन-अडीच मीटरचा. लंडीला तो सात मीटरांहून जास्त, कारण ब्रिस्टल चॅनल आत निमुळती होत जाते आणि पाणी तिच्यात कोंबलं जातं. एवढं पाणी सहा तासांत इकडून तिकडे जातं, तेव्हा बेटाच्या दोन्ही टोकांना खळाळते प्रवाह तयार होतात. फिन मारून त्यांच्याविरुद्ध जाता येत नाही.

आपला मासेमार तिथीवरून पाणी सांगतो. चंद्र तोच असल्यामुळे तिथी इथेही लागू पडते. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सर्वांत मोठं, अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी भांग. पहिल्या लंडीसाठी नवमी-दशमीच्या आसपासचा शनिवार-रविवार शोधा, मग त्या ठिकाणच्या भरतीच्या तक्त्यात वेळा पाहा. तक्ता ग्रीनविच वेळेत असेल तर उन्हाळ्यात एक तास मिळवायला विसरू नका.

पूर्ण भरती झाली म्हणजे पाणी थांबलं, हा समज सोडा. उंची आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेटाच्या प्रत्येक बाजूला प्रवाह थांबण्याची वेळ वेगळी असते आणि ती तिथे वर्षानुवर्षं बोट चालवणाऱ्या कप्तानाला माहीत असते. तुमचं काम गणित करून त्याच्याशी वाद घालण्याचं नाही, त्याने दिलेल्या वेळेला तयार असण्याचं आहे.

वाऱ्याचंही पाहा. पश्चिमेचा वारा असेल तर बेटाची पूर्व बाजू आडोशाला राहते आणि बहुतेक डायव्ह तिथेच होतात. पूर्वेचा वारा सुटला की तीच बाजू उघडी पडते आणि फेरी रद्द होण्याची शक्यता वाढते. ब्रिटिश सागरी अंदाजात ‘लंडी’ नावाचा एक मोठा विभाग आहे. तेवढ्यावर थांबू नका, लँड्स एंड ते सेंट डेव्हिड्स हेड या किनारी पट्ट्याचा अंदाज वाचा, ब्रिस्टल चॅनल त्यात येते. फेरी रद्द झाली तर हट्ट करू नका. राहण्याचं बुकिंग पैसे परत मिळतील असंच करा.

## ७. बोटीवर

उलटीची गोळी आदल्या रात्री आणि सकाळी घ्या, लाटा सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. सामान बंदरातच जोडून, तपासून, सिलिंडर बांधून ठेवा. हलत्या बोटीत ओ-रिंग शोधायची वेळ येऊ देऊ नका.

एक नाजूक पण खरी अडचण. बहुतेक ड्रायसूटमध्ये लघवी करता येत नाही, म्हणून लोक सकाळपासून पाणीच पीत नाहीत. शरीरात पाणी कमी असेल तर डीकंप्रेशनच्या आजाराचा (वर येताना शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा) धोका वाढतो. मोठ्यांचे डायपर औषधाच्या दुकानात मिळतात आणि बायका-पुरुष दोघेही सर्रास वापरतात. संकोच न करता वापरा आणि पाणी प्या.

कप्तानाच्या सूचना संपल्यावर चार प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे हवीत. प्रवाह थांबणार कधी? सुरू झाला की कुठल्या दिशेने वाहणार? शॉट लाइन (तळाशी वजन आणि वर तरंगता फुगा असलेली, उतरण्या-चढण्याची दोरी) चुकली तर काय करायचं? उचलायला बोट कुठे आणि कशी येणार?

पाण्यात उडी मारण्याआधी बडीने हात लावून तपासायचं: झिप शेवटपर्यंत बंद आहे, सूटची नळी जोडलेली आहे आणि दाबल्यावर हवा येते, डंप व्हॉल्व्ह फिरतो, सिलिंडर पूर्ण उघडा आहे, वजन अडकलेलं नाही. दोन सेंटिमीटर उघडी राहिलेली झिप अख्खा सूट भरते.

## ८. खाली, तळाशी आणि वर

कप्तान सांगेल तेव्हाच उडी. पृष्ठभागावर ओके दाखवा, लाइनपर्यंत जा, श्वास शांत होईपर्यंत थांबा. गार पाणी चेहऱ्याला लागताच श्वास आपोआप जोरात ओढला जातो. मिनिटभरात तो ओसरतो, त्याआधी खाली जाऊ नका. हूडची कड क्षणभर उचलून कानापाशी पाणी जाऊ द्या. हवा हूडखाली अडकली तर कान मोकळे होत नाहीत आणि माणूस विनाकारण जोर लावतो.

पहिल्या डायव्हला गॅनेट्स बे सारखी उथळ जागा मागा. दहा-बारा मीटरवर वजन, सूट, मास्क सगळं स्थिरावतं. नोल पिन्स दुसऱ्या डायव्हला किंवा दुसऱ्या दिवशी. चांगल्या दिवशी दहा मीटर दिसेल, एरवी त्याच्या निम्मं. बडीपासून हाताच्या अंतरावर राहा आणि टॉर्च दिवसाही चालू ठेवा. टॉर्चशिवाय खडकांवरचे लाल-सोनेरी कप कोरल नुसते काळपट दिसतात.

बडी दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधा, मग वर या. शॉट लाइन सापडली नाही तर शोधत फिरू नका. सहा मीटरच्या वर येण्याआधी पृष्ठभागावर खुणेचा फुगा सोडा. रील हातात धरा, अंगाला अडकवू नका, अडकली तर तुम्हाला वर खेचून नेईल. वर आल्यावर प्रवाहाविरुद्ध पोहू नका. फुगा उंच धरून थांबा, बोट तुमच्याकडे येईल. बोटीवर पाय ठेवेपर्यंत मास्क आणि रेग्युलेटर काढायचा नाही.

परतायची वेळ: बोटं इतकी बधिर की बकल जाणवत नाही, किंवा कापरं थांबत नाही, तर हवा कितीही उरलेली असो, डायव्ह संपला.

## ९. सील आणि कायदा

राखाडी सील स्वतः जवळ येतात, फिन चावून ओढतात. हात पुढे करू नका, पाठलाग करू नका, ते आणि मोकळं पाणी यांच्या मधे येऊ नका. त्यांचे दात मोठे असतात आणि चावा चिघळतो. ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत पिल्लांचा काळ असतो, तेव्हा त्यांच्या गुहा आणि किनाऱ्यांपासून लांब राहा.

बेटाच्या पूर्वेच्या पट्ट्यात २००३ पासून कुठलाही सजीव उचलण्यास बंदी आहे, त्यात शेवंडही आलीच. ‘आयोना २’ या बुडालेल्या जहाजाचे आणि गल रॉकजवळचे अवशेष संरक्षित आहेत, तिथे परवान्याशिवाय डायव्ह नाही. १९०६ साली शटर पॉइंटवर आदळलेल्या ‘माँटेग्यू’ युद्धनौकेच्या अवशेषांत तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात लावू नका. ब्रिटनमध्ये बुडालेल्या जहाजावरून उचललेली प्रत्येक वस्तू २८ दिवसांत सरकारी अधिकाऱ्याला कळवावी लागते, म्हणून काहीच न उचलणं सोपं.

## १०. वर आल्यावर

दोन डायव्हच्या मधे ड्रायसूट काढायची गरज नाही. हूड आणि ओले हातमोजे काढा, कोरडी लोकरी टोपी आणि वाऱ्याचं जाकीट चढवा. गरम चहा, काहीतरी गोड. अंग अजून गार आहे असं वाटलं तर दुसरा डायव्ह सोडा. दारू संध्याकाळीही टाळलेली बरी, आणि खोल डायव्हनंतर लगेच कढत पाण्याखाली उभं राहू नका.

सांधे दुखणं, अंगावर पुरळ, मुंग्या, चक्कर, एखादा हात-पाय जड होणं, विचित्र थकवा यातलं काहीही झालं तर ‘थंडीमुळे असेल’ म्हणून झोपू नका. थंड पाण्याच्या डायव्हनंतर नेमकी हीच समजूत करून घेतली जाते आणि उपचार लांबतात. लगेच कप्तानाला सांगा. बोटीवर ऑक्सिजन असतो आणि कप्तान १६ क्रमांकाच्या रेडिओ चॅनलवर कोस्टगार्डला बोलावतो. किनाऱ्यावर परतल्यावर लक्षणं दिसली तर ९९९ वर फोन करून कोस्टगार्ड मागा आणि डायव्ह केल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा. या भागातला रीकंप्रेशन चेंबर (या आजारावर वाढीव दाबाखाली उपचार करायची खोली) प्लिमथला, डीडीआरसी हेल्थकेअरकडे आहे.

शेवटच्या डायव्हनंतर विमानाआधी पूर्ण २४ तास जाऊ द्या. शनिवार-रविवार लंडी आणि सोमवारी पहाटे मुंबईचं विमान, असं तिकीट काढलं असेल तर रविवारचा डायव्ह सोडा किंवा तिकीट पुढे ढकला.